कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट

आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत 'आयव्हॅन्हो' या कादंबरीची एक जुनी प्रत आहे. तिचीं आरंभींचीं पानें बहुतेक कोरीं आहेत, आणि जेथें अश्वारूढ वीरांचे सामने सुरू होतात तेथपासूनचीं पानें बोटांच्या डागांनीं मळलेलीं आहेत. आमचे विद्यार्थी वर्णनें गाळून एकदम रणांगणावर उतरतात, हें त्यावरून उघड दिसतें. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. लहानपणीं आम्हींही तेंच केलें. परंतु ज्या पुरुषानें हें पुस्तक लिहिलें त्याचें स्वतःचें चरित्रही तितकेंच वाचनीय आहे, म्हणून तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वॉल्टर स्कॉट यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं १५ ऑगस्ट १७७१ रोजीं झाला. वडील कायद्याचा व्यवसाय करीत. आईचे वडील तेथील विद्यापीठांत वैद्यकाचे अध्यापक होते. मूल दीड वर्षाचें असतांना त्यास ताप आला, आणि ताप उतरतांच उजवा पाय लुळा पडल्याचें घरच्यांच्या ध्यानांत आलें. आज ज्यास आपण पोलिओ म्हणतों तोच हा रोग होय. शहरांतील उपाय थकल्यावर मोकळ्या हवेसाठीं मुलास सँडीनो येथें, वडिलांच्या वडिलांच्या शेतावर, पाठविण्यांत आलें. नुकत्याच सोललेल्या मेंढीच्या ऊबदार कातड्यांत त्यास गुंडाळून ठेवण्याचा विलक्षण उपायही तेथें करून पाहिला. पाय बरा झाला नाहीं. लंगडेपणा जन्मभर राहिला.

तथापि त्या शेतावर जें मिळालें तें शहरांत खास मिळालें नसतें. शेजारींच उंच खडकावर स्मेलहोमचा पडका बुरूज उभा होता. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर शेंकडों वर्षें चाललेल्या चकमकी, गुरें पळविणारे सरदार, सूडाच्या व पराक्रमाच्या कथा हें सर्व त्या मुलुखांतील म्हाताऱ्यांच्या तोंडीं होतें. जेनेट नांवाची आत्या मुलास पोवाड्यांसारखीं तीं जुनीं गाणीं पुनःपुन्हा वाचून दाखवी, आणि अक्षरओळख होण्यापूर्वींच तीं त्यास तोंडपाठ झालीं. आमच्याकडे सिंहगडाच्या पायथ्याशीं वाढणाऱ्या मुलास तानाजीची कथा कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाहीं, तसाच हा प्रकार.

पुढें एडिंबरोच्या शाळेंत वॉल्टर फारसा पहिल्या बाकावर बसणाऱ्यांपैकीं नव्हता. पण सुट्टींत गोष्ट सांगूं लागला म्हणजे मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करीत. बाराव्या वर्षीं केल्सो गांवीं आत्याकडे राहिला असतां बिशप पर्सी यांनीं संग्रहित केलेल्या जुन्या गीतांचा ग्रंथ त्याच्या हातीं पडला. बागेंतील झाडाखालीं तो वाचीत बसला आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी त्यास भान राहिलें नाहीं. पंधराव्या वर्षीं प्रसिद्ध कवि रॉबर्ट बर्न्स यांस त्यानें एका घरीं पाहिलें. भिंतीवरील चित्राखालच्या ओळी कोणाच्या हें बर्न्स यांनीं विचारलें, तेव्हां जमलेल्या विद्वानांपैकीं कोणासही सांगतां आलें नाहीं. कोपऱ्यांतील या मुलासच तें ठाऊक होतें.

सन १७९२ मध्यें ते वकील झाले, १७९७ सालीं शार्लट कार्पेंटर हिच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि दोन वर्षांनीं सेलकर्क परगण्याचे शेरीफ म्हणून त्यांची नेमणूक झाली. पण त्यांचें खरें लक्ष दुसरीकडेच होतें. वर्षानुवर्षें सुट्टी लागली कीं ते घोड्यावर बसून रस्ता नसलेल्या खोऱ्यांतून हिंडत आणि मेंढपाळांच्या झोपड्यांतून गाणीं उतरून घेत. या कामीं त्यांस जॉन लेडन या गरीब घरच्या, पण असामान्य बुद्धीच्या तरुणाचें मोठें साहाय्य झालें. हे लेडन पुढें १८०३ सालीं मद्रासेस आले आणि पूर्वेकडील भाषांचा अभ्यास करीत १८११ सालीं जावा बेटांत वारले. जेम्स हॉग या मेंढपाळ कवीच्या वृद्ध मातेनें स्कॉट यांस गाणीं म्हणून दाखविलीं. परंतु तीं छापलेलीं पाहून तिनें त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. गाणीं गाण्यासाठीं असतात, छापल्यानें त्यांचा प्राण जातो, असें तिचें मत होतें. आम्हांस त्या बाईचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें वाटत नाहीं. पण स्कॉट यांनीं तें ऐकलें असतें तर त्यांतील पुष्कळशीं गाणीं आज आपणांस मिळालीं नसतीं.

हा संग्रह १८०२-०३ मध्यें निघाला. त्यानंतर त्यांनीं स्वतः दीर्घ कथाकाव्यें लिहिलीं. १८१० सालच्या 'लेडी ऑफ द लेक' या काव्यामुळें तर त्यांतील सरोवर पाहण्यास लोकांची रीघ लागली. परंतु लॉर्ड बायरन यांचा उदय होतांच आपला काव्याचा बहर ओसरला हें त्यांनीं ओळखलें. १८१३ सालीं राजकवीचें पद देऊं करण्यांत आलें असतां तें त्यांनीं नाकारलें.

आतां कादंबरीची हकीकत. एकदां मासे धरण्याची सामग्री शोधतांना एका जुन्या मेजाच्या खणांत स्कॉट यांना स्वतःचेंच एक अर्धवट हस्तलिखित सांपडलें. वर्षानुवर्षें तें तसेंच पडलें होतें. त्यांनीं तें पुढें लिहावयास घेतलें व शेवटचे दोन भाग सुमारें तीन आठवड्यांत पुरे केले. हीच 'वेव्हर्ली' कादंबरी. ७ जुलै १८१४ रोजीं ती ग्रंथकर्त्याच्या नांवावांचून प्रसिद्ध झाली आणि पहिली आवृत्ति पाहतां पाहतां खपली. त्यानंतर 'गाय मॅनरिंग', 'रॉब रॉय', 'आयव्हॅन्हो', 'केनिलवर्थ' अशी मालिकाच सुरू झाली. सकाळीं न्याहरीपूर्वीं लेखन, मग कोर्टाचें काम, आणि सायंकाळीं पाहुण्यांशीं गप्पा! मग हा माणूस लिहितो केव्हां असें लोकांस कोडें पडे, आणि त्यामुळें नांवाचें गुपित पुष्कळ दिवस टिकलें.

त्यांच्या कथांत इतिहासाबरोबर अद्भुताचाही अंश आहे. 'मॉनेस्टरी' कादंबरींत एक शुभ्रवसना यक्षिणी वावरते; ती वाचकांस मुळींच रुचली नाहीं, आणि आमच्या मतें त्यांत वाचकांचें फारसें चुकलें नाहीं. उलट 'रेडगाँटलेट'मध्यें एक आंधळा वादक आपल्या आजोबांची जी भुताची गोष्ट सांगतो, ती वाचतांना दिवसाउजेडींही अंगावर कांटा येतो. हिंदुस्थान त्यांनीं कधीं पाहिला नाहीं. तरी १८२७ सालच्या 'सर्जन्स डॉटर' या कथेंत ते वाचकांस म्हैसुरास हैदरअलीच्या दरबारापर्यंत घेऊन येतात. आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली कीं स्कॉट यांचें नांव निघतेंच.

पैसा आला तसा ट्वीड नदीकाठीं त्यांनीं शेत विकत घेतलें, पुढें शेताला शेत जोडलें आणि ॲबट्सफर्ड नांवाचा वाडा बांधला. १८२० सालीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. येथें मात्र आम्हांस त्यांची बाजू घेतां येत नाहीं. शाळासोबती बॅलंटाइन यांच्या छापखान्यांत ते गुप्तपणें भागीदार होते. पुस्तक लिहून होण्यापूर्वींच त्याची रक्कम उचलीत, आणि हुंड्यांवर हुंड्या सही करून देत. कादंबरीचीं शेंकडों पानें लिहिणाऱ्या या हातानें हिशेबाची वही क्वचितच नीट तपासली. सन १८२६ च्या जानेवारींत लंडनची एक पेढी बुडाली, तिच्यामागें प्रकाशक कॉन्स्टेबल आणि छापखाना हे दोन्ही बुडाले, आणि सुमारें एक लाख वीस हजार पौंडांचें कर्ज स्कॉट यांच्या माथीं आलें. तेव्हां त्यांचें वय चोपन्न होतें.

दिवाळें काढण्याचा मार्ग कायद्यानें मोकळा होता. मित्रांनीं, कित्येक अनोळखी माणसांनींही, पैसे देऊं केले. स्कॉट यांनीं सर्वांस नकार दिला. सावकारांनीं फक्त वेळ द्यावा, आपण लेखणीनें कर्ज फेडूं, एवढेंच त्यांनीं मागितलें. शहरांतील राहतें घर विकलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत पत्नी वारली. ती आजारी असतांना व वारल्यावरही त्यांचें लेखन थांबलें नाहीं. 'वुडस्टॉक' कादंबरीचे आठ हजारांवर पौंड आले. नऊ भागांच्या नेपोलियनच्या चरित्राचे अठरा हजार आले. १८२७ च्या फेब्रुवारींत एका भोजनसमारंभांत, या सर्व कादंबऱ्या आपणच लिहिल्या असें त्यांनीं उघड कबूल केलें. सावकार इतके संतुष्ट झाले कीं १८३० सालीं त्यांनीं स्कॉट यांचीं पुस्तकें व घरांतील सामान त्यांस बक्षीस म्हणून परत दिलें.

पण त्याच वर्षीं अर्धांगवायूचा झटका आला. वैद्यांनीं लेखन बंद करण्यास सांगितलें. त्यांनीं ऐकलें नाहीं. १८३१ सालीं सरकारनें आरमारी जहाज देऊन त्यांस माल्टा व इटलीकडे हवापालटासाठीं पाठविलें. तेथून ते खंगून परतले. शेवटच्या दिवसांत त्यांनीं मेजापाशीं बसविण्यास सांगितलें; मुलीनें हातांत लेखणी दिली, बोटें ती धरूं शकलीं नाहींत, आणि डोळ्यांतून आंसवें गळलीं. २१ सप्टेंबर १८३२ रोजीं ॲबट्सफर्ड येथें त्यांचा देहान्त झाला. उरलेलें कर्ज विम्याच्या रकमेंतून व पुस्तकांच्या हक्कांतून पुढें फिटलें. थोरला मुलगा हिंदुस्थानांत फौजेंत होता. तो १८४७ सालीं परत जात असतां वाटेंतच वारला.

ड्रायबर्गच्या पडक्या मठांत, पत्नीशेजारीं, त्यांस पुरण्यांत आलें. प्रेतयात्रा बेमरसाइडच्या टेकडीवर पोंचली तेव्हां कांहीं अडचण येऊन शववाहिनी कांहीं मिनिटें थांबली. तेथून ट्वीड नदीचें वळण आणि पलीकडचे तीन डोंगर दिसतात. स्कॉट हयात असतां त्या वाटेनें जातांना ते नेहमीं तेथेंच घोडा आंवरून उभे राहत असत.