सिडने फार्बर

१९४७ साली तीव्र रक्तकर्करोग झालेले मूल वाचत नसे. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होई आणि थोड्याच महिन्यांत त्या बालकाची प्राणज्योत मालवे. या रोगाशी झुंज देणारे एक डॉक्टर म्हणजे सिडने फार्बर.

त्यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील बफेलो शहरी झाला. चौदा भावंडांत ते तिसरे. ज्यू विद्यार्थ्यांना त्या काळी तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळणे दुरापास्त होते. म्हणून पहिले वर्ष त्यांनी जर्मनीत काढले. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १९२७ मध्ये पदवी घेऊन ते बॉस्टनच्या बालरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ झाले. दगावलेल्या मुलांच्या देहांची तपासणी करून रोगाचे कारण शोधणे, हे त्यांचे काम. कारण कळे, परंतु गेलेले मूल परत येत नसे. म्हणून फार्बर जिवंत मुलांच्या खाटेपाशी आले.

फॉलिक आम्ल हे रक्तपेशींच्या वाढीस आवश्यक असे जीवनसत्त्व होय. ते दिल्याने हा रोग बळावतो, असे फार्बर यांना दिसले. मग त्याचे कार्य रोखले तर? आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत औषधसंशोधन करीत होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले ॲमिनोप्टेरिन हे औषध फार्बर यांनी १९४७ च्या डिसेंबरात देण्यास आरंभ केला. अत्यवस्थ अशा १६ मुलांपैकी १० मुलांना उतार पडला.

पण हा आनंद टिकला नाही. काही महिन्यांत रोग उलटला आणि तेच औषध निष्प्रभ ठरले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच फार्बर यांनी हा उतार तात्पुरता असल्याचे नमूद केले. मरणोन्मुख मुलांना उगाच त्रास देऊ नये, असे काही डॉक्टरांचे मत होते. तरीही फार्बर यांनी अपयश लपविले नाही, की हातचे काम सोडले नाही. लोकवर्गणीतून त्यांनी संशोधनसंस्था उभारली व नवी औषधे अजमावली. पुढे अनेक डॉक्टरांनी मिळून निरनिराळी औषधे एकत्र देण्याची पद्धत बसविली. एकीतून निसटलेल्या पेशी दुसरीने नष्ट होऊ लागल्या.

३० मार्च १९७३ रोजी फार्बर निवर्तले. ॲमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही या उपचारात वापरतात. या रोगाच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारात, जेथे उत्तम उपचार मिळतात तेथे, दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. उलटलेला रोग मात्र अजूनही दुर्धर आहे; त्याच्याशी चाललेली झुंज संपलेली नाही.