हॅरिसन मार्टलँड : ठोशांचा हिशोब मांडणारे डॉक्टर

दारू न पिताही पावलं अडखळतात, जीभ जड होते, हात थरथरतात. अशा जुन्या बॉक्सरांना रिंगभोवतीचे लोक ठोसे खाऊन झिंगलेले म्हणून हसायचे. ही टिंगलीची गोष्ट नाही, आजार आहे, हे १९२८ साली डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मांडलं.

त्यांचा जन्म १८८३ चा, न्यू जर्सीतल्या नेवार्कचा. पुढे ते एसेक्स परगण्यात मृत्यूची कारणं शोधणारे मुख्य सरकारी डॉक्टर झाले. घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी साधत. त्यांच्या हाडांत रेडियम साठतं, हे १९२५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं.

डोक्याला मार लागून मेलेल्यांच्या शवविच्छेदनात त्यांना मेंदूत खोलवर बारीक रक्तस्राव दिसत. वर्षानुवर्षं बसणारे ठोसेही हेच करत असतील, असा त्यांचा तर्क होता. एका आयोजकाकडून त्यांनी अशा २३ बॉक्सरांची नावं मिळवली. आता डॉक्टरांनी याची नीट तपासणी करावी, असा त्यांचा आग्रह होता.

१९५४ मध्ये ते वारले. इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ बॉक्सरांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला तो १९७३ मध्ये. २००५ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर यांच्या मेंदूतली इजा जगापुढे आणली.

ज्यांना लोक हसत होते, त्यांना मार्टलँडनी रुग्ण मानलं. मैदानात डोकं आपटून भोवंडलेल्या मित्राला आपण खेळायला परत ढकलू नये, एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.