निबंधाआधीची पायपीट

मावळातल्या शाळांतून मी अधूनमधून मुलांना लेखन शिकवतो. विषय दिला, की मुले लगेच वही उघडतात. लोणावळ्याचा पाऊस अंगावर झेलून आलेल्या पोराच्या निबंधातही पाऊस पडतो तो गाईडातला! मग मी त्यांना गो. नी. दांडेकरांचे आयुष्य सांगतो.

गोनीदा ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला जन्मले. स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने तेराव्या वर्षी घर सुटले, शाळाही सुटली. पुढे गाडगेबाबांचा सहवास, संतवाङ्मयाचा अभ्यास, नर्मदेची परिक्रमा. आणि मग तळेगाव दाभाड्याला बिऱ्हाड. लेखणी स्थिरावेपर्यंत पायांखालून केवढा मुलूख गेला होता!

लेखनाची पहिली पायरी तीच. हिंडावे, पाहावे.

दुसरी पायरी मुक्कामाची. गोनीदा एकाच गडावर पुनःपुन्हा जात. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाणारे पुष्कळ. पण तिथली झाडे-पाखरे ओळखीची झाली, तेव्हाच १९५८ मध्ये ‘माचीवरला बुधा’ लिहून झाला. मुंबईला विटलेला म्हातारा माचीवर परततो, एवढीच गोष्ट. एका दिवसाच्या सहलीवर तिची दोन पानेही भरली नसती. तुंगच्या परिसरातला ‘पवनाकाठचा धोंडी’ही असाच मातीतून आलेला.

तिसरी पायरी सांगण्याची. गोनीदांची वाणी प्रवचनांत घोळलेली होती. मी मुलांना आधी शेजाऱ्याला गोष्ट सांगायला लावतो. ऐकणारा जिथे जांभई देतो, तिथे खूण करायची. त्यानंतर चौथी पायरी, लिहिणे. पाचवी, मोठ्याने वाचून काटछाट. गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे केले आणि श्रोते तासन्‌तास बसले, कारण ते गद्य कानाला गोड लागते.

पालक मला विचारतात, याने मार्क किती वाढतील? मला सांगता येत नाही. पवनेकाठच्या एका मुलाने भातलावणीवर लिहिण्यासाठी चार संध्याकाळी आजोबांना बोलते केले. चिखलणी, आवण, इरले असे शब्द त्याच्या वहीत उतरले. पुढच्या पावसाळ्यात आजोबा नव्हते. वही मात्र त्याच्या आईने कपाटात जपून ठेवली आहे.

‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १ जून १९९८ रोजी गोनीदा गेले. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या या माणसाचा धडा आपल्या मुलांना घरीच देता येईल. पुढचा निबंध आला, की वही थोडी उशिरा उघडू द्या. आधी त्यांना घराबाहेर पाठवा, नाहीतर आजीजवळ बसवा.