राणी प्रभावतीगुप्ता

सुमारे १६०० वर्षांपूर्वी आपल्या विदर्भात वाकाटक राजे होते. प्रभावतीगुप्ता ही त्यांची राणी. सम्राट दुसरा चंद्रगुप्त हे तिचे वडील. तिचे पती दुसरे रुद्रसेन लवकर वारले. पोरं लहान होती. मग रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून तिनेच राज्य चालवले. तिच्या कारभाराच्या १३ व्या वर्षीचा ताम्रपट पुण्यात मिळाला. दुसरा आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला सापडला. त्यात तिने जमीन दान दिल्याचे कोरले आहे. पुढे तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन राजा झाला.

माझे बाबा मागच्या साली वारले. माय एकटीच वावर पाहते अन् मला शाळेत धाडते. गुरुजींनी ही माहिती सांगितली तेव्हा मला मायच आठवली. म्हणून मी ही राणी निवडली.