उंच इमारतींचे अभियंते : फजलूर रहमान खान

अमेरिकेतील शिकागो शहरात ११० मजल्यांची एक इमारत आहे. तिची उंची १४५० फूट आहे. पूर्वी तिला सिअर्स टॉवर म्हणत. आता तिचे नाव विलिस टॉवर आहे. जवळजवळ पंचवीस वर्षे ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. तिचा सांगाडा उभा करण्याची युक्ती फजलूर रहमान खान या अभियंत्याची.

खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी बंगालमध्ये झाला. त्यांचे वडील गणिताचे शिक्षक होते. खान कलकत्त्याजवळील शिवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होते. पण दंगलींमुळे त्यांना ढाक्याला परतावे लागले. तेथे त्यांनी शिक्षण पुरे केले. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेला गेले. अवघ्या तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली.

१९५५ मध्ये ते शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज आणि मेरिल या कंपनीत नोकरीला लागले. ही कंपनी इमारती स्वतः बांधत नाही. ती लोकांसाठी नकाशे आणि हिशेब तयार करते व सल्ला देते. अशा कामात इमारतीचे नाव होते, पण अभियंत्याचे नाव फारसे कोणाला कळत नाही. चूक झाली तर मात्र जाब त्यालाच द्यावा लागतो.

१९५७ मध्ये खान मायदेशी, म्हणजे त्या वेळच्या पाकिस्तानात परतले. कराचीत त्यांना सरकारी अधिकाऱ्याची जागा मिळाली. पद मानाचे होते. पण सारा दिवस कार्यालयीन कारभारात जाई. नवे काही रचण्याची संधी मिळेना. अखेर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९६० मध्ये ते जुन्या कंपनीत परत आले.

आता त्यांच्या बुद्धीला वाव मिळाला. इमारत जितकी उंच, तितका वाऱ्याचा जोर जास्त आणि तितके पोलादही जास्त लागे. त्यामुळे खर्च परवडत नसे. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्यात मोडत नाही. त्याचप्रमाणे इमारतीच्या बाहेरच्या बाजूलाच जवळजवळ खांब उभारून तिला एका मजबूत नळीसारखे करावे, असे खान यांनी दाखवून दिले. या पद्धतीने पोलादाची मोठी बचत झाली.

वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांच्याबरोबर त्यांनी १०० मजल्यांच्या जॉन हॅनकॉक सेंटरची रचना केली. काम सुरू असताना १९६६ मध्ये संकट आले. एक खांब किंचित खचला. तपासात पायाच्या काँक्रीटमध्ये पोकळी सापडली. चूक तशीच झाकली असती, तर पुढे हजारो माणसांच्या जिवाला धोका होता. काम थांबवण्यात आले. पाया तपासून दुरुस्त केला गेला. यात अनेक महिने गेले. मूळ मालक कर्जात बुडाला आणि काम विमा कंपनीने हाती घेतले. शेवटी इमारत पूर्ण झाली आणि आजही भक्कम उभी आहे.

खान केवळ कामात बुडालेले नव्हते. १९७१ च्या युद्धकाळात बांगलादेशातील पीडितांसाठी त्यांनी शिकागोमध्ये मदत गोळा केली.

जिद्दा विमानतळावरील हज टर्मिनल हेही त्यांच्याच कंपनीचे काम. त्याच्या छताची रचना खान यांनी केली. वाळवंटातील तंबूंप्रमाणे तेथे खास कापडाचे २१० मोठे तंबू टांगले आहेत. गरम हवा वरच्या छिद्रांतून निघून जाते आणि हाजींना सावली व गारवा मिळतो. १९८१ मध्ये हा विमानतळ सुरू झाला. २७ मार्च १९८२ रोजी जिद्दा येथेच हृदयविकाराने खान यांचे निधन झाले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. १९८३ मध्ये या टर्मिनलला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पण तो पाहायला खान हयात नव्हते.

दरवर्षी लाखो हाजी या टर्मिनलमधून जातात. त्यांतील फार थोड्यांना खान यांचे नाव ठाऊक असेल. पण थकलेल्या प्रवाशाला मिळणारी सावली हीच त्यांची खरी आठवण आहे.