तुमचा एटीएम पिन लपवणारा माणूस: हॉर्स्ट फाइस्टेल

एटीएममध्ये तुम्ही चार आकडे दाबता आणि पैसे बाहेर येतात. हे चार आकडे बँकेच्या सर्व्हरपर्यंत जाताना वाटेत कुणाला वाचता का येत नाहीत? याचं श्रेय बऱ्याच अंशी हॉर्स्ट फाइस्टेल यांना जातं. कम्प्युटर इंजिनिअरिंग करणाऱ्यांना 'फाइस्टेल सायफर' हे नाव परीक्षेमुळे माहीत असतं. त्यामागचा माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

फाइस्टेल यांचा जन्म १९१५ साली बर्लिनमध्ये झाला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, ते अमेरिकेत आले आणि एमआयटीमध्ये फिजिक्स शिकले. पुढे अमेरिका महायुद्धात उतरली आणि हा जर्मन तरुण संशयित ठरला. बोस्टनमध्ये फिरायला मोकळीक होती, पण आईला भेटायला न्यूयॉर्कला जायचं तरी आधी कळवावं लागे. १९४४ च्या जानेवारीअखेर त्यांना नागरिकत्व मिळालं आणि लगेच गुप्त लष्करी कामाची परवानगीही! काल ज्याच्यावर पाळत होती, तो आज हवाई दलाच्या संशोधन केंद्रात कामाला लागला.

त्यांना मनापासून आवडत होतं ते सांकेतिक लिपीचं काम. पण त्या काळात हा विषय सरकारी गुप्तहेर खात्यांचाच मानला जायचा. बाहेर कुणी त्यावर काम करणं सरकारला रुचत नसे. नोकऱ्या बदलत शेवटी ते आयबीएममध्ये पोहोचले आणि तिथे त्यांना हवं ते काम करता आलं.

तिथे तयार झाला 'लूसिफर'. याची युक्ती अगदी साधी आहे. माहितीचे दोन भाग करायचे. एका भागावर गुप्त किल्ली वापरून आलेलं उत्तर दुसऱ्या भागात मिसळायचं. मग दोन्ही भागांची अदलाबदल करायची आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. उलगडताना किल्ल्यांचा क्रम फक्त उलटा करायचा. म्हणजे कुलूप लावायला आणि उघडायला एकच यंत्र पुरतं.

ब्रिटनच्या लॉइड्स बँकेसाठी आयबीएमने बनवलेल्या कॅश मशीनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच पद्धत वापरली गेली. १९७७ मध्ये तिचंच सुधारित रूप 'डेस' या नावाने अमेरिकेचं सरकारी मानक झालं. वाद झाला तो किल्लीच्या लांबीवरून. लूसिफरची किल्ली १२८ बिटपर्यंत होती, डेसची मात्र ५६ बिटच ठेवली गेली. ती मुद्दाम लहान ठेवली, असा तज्ज्ञांना संशय होता. १९९८ मध्ये एका खास मशीनने ती तीन दिवसांच्या आत फोडलीही. तोवर फाइस्टेल राहिले नव्हते, १९९० मध्येच ते गेले. बँकांनी मग डेस तीनदा वापरायला सुरुवात केली. तेच 'ट्रिपल डेस'.

मग स्किमिंग कसं होतं?

चोर हे कुलूप फोडतच नाही. कार्डच्या काळ्या मॅग्नेटिक पट्टीवरची माहिती उघडी असते. कार्ड घालायच्या जागेवर बसवलेला खोटा रीडर ती कॉपी करतो. पिन मात्र कीपॅडच्या आतच एन्क्रिप्ट होतो, वायर कापूनही हाती लागत नाही. म्हणून चोराला छुपा कॅमेरा किंवा खोटा कीपॅड लावावा लागतो. म्हणजे तुमचं बोट आणि कीपॅड यांच्यामधली जागा हीच कच्ची कडी.

चिप कार्ड प्रत्येक व्यवहाराला नवा कोड बनवतं, तोही बऱ्याचदा ट्रिपल डेस वापरूनच. त्यामुळे जुना कोड चोरून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत चिप कार्ड देण्याचे आदेश दिले, ते यासाठीच.

तुम्ही काय कराल?

पिन दाबताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका. कार्ड घालायची जागा हलवून पाहा, सैल वाटली तर दुसरं एटीएम शोधा. बँकेचे एसएमएस अलर्ट चालू ठेवा. पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवून कार्ड ब्लॉक करा आणि १९३० वर फोन करा.

कीपॅडच्या आतलं काम फाइस्टेल यांनी करून ठेवलंय. कीपॅडवर हात धरायचं काम तेवढं आपलं.