सीताफळाच्या पेशींपासून कर्करोगापर्यंत : डॉ. कमल रणदिवे

बोईसर : अमक्याला टाटाला नेलंय, असं कानावर आलं की गावात पुढे कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना कळतं. डहाणू लोकल पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलची वारी करणारी घरं आपल्या भागात बरीच आहेत. १९४१ साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. तोच विभाग, ज्याचं केंद्र तारापूरला आहे. याच हॉस्पिटलमध्ये एका मराठी बाईने कर्करोगावर जे काम केलं, ते मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्यांनी फर्ग्युसनमध्येच वनस्पती आणि प्राणीशास्त्र घेतलं आणि लग्न केलं ते गणितात काम करणाऱ्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी, १९३९ मध्ये.

शेतकऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांची एमएस्सी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातली. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं, म्हणजे पेशीच्या आत आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे. झाडाची असो की माणसाची, पेशी वाढते कशी आणि बिघडते कुठे, हा प्रश्न तिथून त्यांच्या मागे लागला तो कायमचा.

लग्नानंतर मुंबईत आल्यावर त्या टाटा हॉस्पिटलमध्ये कामाला लागल्या. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. ही साधीसुधी जागा नव्हती. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी याच प्रयोगशाळेत बाटलीत वाढवल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर वापरल्या जातात. लॅक्स यांची परवानगी मात्र कोणी घेतली नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं.

कमलताईंना तिकडेच राहता आलं असतं. त्या परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. नाव अवघड आहे, काम समजायला सोपं. शरीरातला जिवंत तुकडा काढून तो काचेच्या भांड्यात, अंगाइतक्या उबेत, खाद्य घालून वाढवायचा. आपण भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतो, तणाचं बी मरावं म्हणून. इथेही भांडी तापवून जंतू मारावे लागतात. एक जंतू शिरला की महिनाभराची मेहनत वाया.

उंदरांवर त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आनुवंशिकता, शरीरातले हार्मोन आणि विषाणू यांचा या रोगाशी संबंध आहे, हे त्या फार आधीपासून मांडत होत्या. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए नावाची दोन जनुकं जगाला सापडली ती १९९४ आणि १९९५ मध्ये. विषाणूंमुळे काही कर्करोग होतात हेही आता पक्कं झालंय, म्हणून तर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्ध मुलींना लस देता येते.

आपल्या टपऱ्यांशी संबंधित कामही त्यांच्या नावावर आहे. सुपारी आणि तंबाखूने कर्करोग होतो का, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यावर तपासलं. १९७६ मध्ये तो शोधनिबंध छापून आला. तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो, असं सांगणारे एमआयडीसीच्या गेटवर रोज भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं आहे.

कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांनी काम केलं. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी महिलांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. घर, मूल आणि प्रयोगशाळा सांभाळताना बाईची काय ओढाताण होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांना स्वतःला एक मुलगा होता. संघटनेचं वाशीला कार्यालय आहे, तिथे नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही चालतं. १९८२ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं.

एवढं झाल्यावर कोणी निवांत बसलं असतं. कमलताई मात्र अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आदिवासी भागात गेल्या. पोरांच्या पोषणाची माहिती गोळा केली. गावातल्याच बायांना आरोग्याचं आणि आहाराचं शिक्षण देऊन तयार केलं. जव्हार-मोखाड्याच्या पोरांचं वजन आजही बातम्यांत येतं, त्यामुळे हे काम काय होतं ते इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

२००१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी ज्या केंद्रात आयुष्य घालवलं, ते आता टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून खारघरला आहे.